वाचकांचे प्रश्न : क्लच दाबल्याखेरीज स्टार्टर फिरू नये यासाठी

प्रश्न : माझ्याकडे १९७२ सालची, चार गिअरची, मागील चाकांवर चालणारी मोटार आहे. तिची वायरिंग १२ व्होल्टची आणि निगेटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेली, आहे. उतारावर केवळ हँडब्रेकवर विसंबणे नको, म्हणून मी ती नेहमी पहिल्या गिअरमध्ये उभी करतो. मागच्या महिन्यात माझ्या मुलाने बाहेर उभे राहून, खिडकीतून हात घालून, रेडिओ लावण्यासाठी किल्ली फिरवली. ती जरा जास्त फिरली आणि गाडी उडी मारून समोरच्या भिंतीला टेकली. सुदैवाने कोणाला लागले नाही. एका कारागिराने सुचवले आहे की ब्रेकच्या दिव्याचा स्विच क्लच पेडलच्या वरच्या बाजूला बसवून तो स्टार्टरच्या वायरमध्ये थेट जोडावा. हे योग्य आहे का? नसल्यास जोडणी कशी करावी?

उत्तर : कोणाला इजा झाली नाही, हे वाचून बरे वाटले. पहिल्या गिअरमध्ये स्टार्टरची मोटर एकटी संपूर्ण गाडी ढकलू शकते, आणि इंजिन गरम असेल तर ते त्या धक्क्यातच सुरू होऊन गाडी न थांबता पुढे जात राहते. क्लच पेडलवर सुरक्षा-स्विच बसवण्याचा आपला विचार त्यामुळे अगदी रास्त आहे. कारागिराने सुचवलेल्या जोडणीत मात्र दोन चुका आहेत. एक चूक स्विच जाळेल, आणि दुसरी अधिक घातक आहे, कारण ती स्विच शाबूत ठेवून त्याचा उपयोगच नाहीसा करील.

पहिली चूक विद्युतप्रवाहाची आहे. ब्रेकचे दोन दिवे प्रत्येकी २१ वॅटचे धरले तर १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो, आणि ब्रेकचा स्विच तेवढ्याच कामासाठी घडवलेला असतो. स्टार्टरवरच्या सोलेनॉइडची, म्हणजे स्टार्टरला बॅटरीशी जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची, भूक याहून पुष्कळ मोठी असते. त्याच्या आत दोन वेटोळी असतात, एक दांडा खेचून घेणारे आणि दुसरे तो धरून ठेवणारे. किल्ली फिरवल्याच्या पहिल्या क्षणी दोन्ही वेटोळी मिळून ३० अँपिअरच्या आसपास, काही स्टार्टरवर त्याहूनही अधिक प्रवाह ओढतात. मुख्य संपर्क जुळले की खेचणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज येते, त्यातला प्रवाह थांबतो आणि धरून ठेवणाऱ्या वेटोळ्याचे आठ-दहा अँपिअर तेवढे उरतात. हा पहिल्या क्षणाचा झटका ब्रेकच्या स्विचचे नाजूक संपर्क रोज सोसू शकत नाहीत. ते काळे पडतात आणि गाडी सुरू होण्यात कुचराई करू लागते, किंवा ते एकमेकांना चिकटतात आणि मग क्लच दाबलेला असो वा नसो, स्टार्टर फिरतो.

दुसरी चूक जागेची आहे. पेडलच्या वरच्या बाजूला बसवलेला ब्रेकचा स्विच पेडल जागेवर असताना दांडी आत दाबलेला असतो, आणि पेडल बोटभर खाली गेले की लगेच जोडला जातो. ब्रेकच्या दिव्यासाठी हे बरोबर आहे, कारण दिवा लवकर लागलेला बरा. क्लचचे तसे नाही. पेडल बोटभर खाली गेले तेव्हा क्लचने इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत केलेली नसते. बऱ्याच गाड्यांत त्या अंतरात केवळ पेडलची मोकळी चाल संपलेली असते. तेथे जोडला जाणारा स्विच आपल्याला खोटा दिलासा देईल. म्हणून आपल्याला पेडलच्या तळाशी बसणारा, पेडलने दाबल्यावर प्रवाह जाऊ देणारा आणि एरवी तो तोडून ठेवणारा स्विच हवा. (या उत्तरात मी ‘बंद स्विच’ असे कोठेही म्हणत नाही. आपण मराठीत स्विच बंद म्हणतो तेव्हा दिवा विझलेला असतो, आणि वायरिंगच्या नकाशांत संपर्क बंद म्हणजे प्रवाह चालू असतो. या एका शब्दापायी उलट्या प्रकारचा स्विच आणून बसवलेला मी पाहिला आहे. म्हणून ‘जोडलेला’ आणि ‘तुटलेला’ हेच शब्द वापरावेत.)

आता जोडणीविषयी. सोलेनॉइडचा प्रवाह रिलेच्या (वेटोळ्यातल्या थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचच्या) संपर्कांतून न्यावा आणि क्लचच्या स्विचमधून फक्त रिलेच्या वेटोळ्याचा प्रवाह जाऊ द्यावा. सर्वसाधारण १२ व्होल्टच्या रिलेचे वेटोळे सुमारे ८० ओहमचे असते, म्हणजे त्याला अवघे ०.१५ अँपिअर लागतात आणि एवढ्याने कोणताही बरा स्विच वर्षानुवर्षे झिजत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर काढावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी. बॅटरीची जाड वायर स्टार्टरच्या ज्या खुंटीला येते, तेथून ४ चौरस मि.मी. जाडीची एक नवी वायर काढावी, खुंटीपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज घालावा आणि ती रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला न्यावी. ८७ क्रमांकाच्या टोकापासून तितक्याच जाडीची वायर सोलेनॉइडच्या लहान टोकाला द्यावी. इग्निशन स्विचपासून पूर्वी सोलेनॉइडकडे जाणारी वायर सोलेनॉइडवरून काढून सोयीच्या जागी तोडावी, तिच्या किल्लीकडील भागात ३ अँपिअरचा फ्यूज घालावा, तेथून ती क्लचच्या स्विचच्या एका टोकाला न्यावी आणि स्विचच्या दुसऱ्या टोकापासून १ चौरस मि.मी.ची वायर रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकाला द्यावी. ८५ क्रमांकाचे टोक रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर अर्थ करावे. रिले एक्झॉस्टपासून दूर आणि टोके खाली करून बसवावा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. वायर पत्र्यातून जाते त्या प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट घालावा.

क्लचचा स्विच रिलेच्या अर्थच्या बाजूला, म्हणजे ८५ आणि पत्रा यांच्यामध्येही बसवता येतो. पुष्कळ जण तसे करतात, कारण तेव्हा स्विचला एकच वायर न्यावी लागते. तेही चालते, पण मी ते करत नाही आणि त्याचे कारण सांगण्याजोगे आहे. जुन्या गाडीत वायर घासून सोलणे ही नेहमीची गोष्ट आहे. अर्थच्या बाजूची वायर सोलून पत्र्याला लागली, तर रिलेला वाटते की क्लच दाबलेला आहे. गाडी नेहमीसारखी सुरू होत राहते आणि संरक्षण गेले हे कोणाच्याही ध्यानात येत नाही. किल्लीच्या बाजूची वायर अशीच पत्र्याला लागली, तर ३ अँपिअरचा फ्यूज उडतो आणि गाडी सुरू होत नाही. गाडी सुरू न होणे हा मनस्ताप आहे, पण त्यात कोणी भिंतीला चिरडले जात नाही. सुरक्षेच्या यंत्रणेत बिघाड व्हायचाच असेल तर तो गाडी अडवणाऱ्या बाजूने व्हावा, अशी रचना करणे हेच या कामातले खरे कसब आहे.

स्विचची जागा ठरवण्यावर वेळ खर्च करावा. गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. नंतर मागचे एकच चाक जॅकने उचलून स्टँडवर घ्यावे आणि दुसरे जमिनीवर राहू द्यावे. दोन्ही चाके उचलली तर डिफरन्शिअलमुळे एक चाक पुढे फिरवताच दुसरे उलट फिरते आणि गिअर गुंतलेला असतानाही चाक मोकळे भासते. आपल्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असणार, म्हणून तो सोडावा लागेल आणि याच कारणाने ठोकळ्यांबाबत हयगय नको. बॅटरी सुटलेली असू द्यावी. पहिला गिअर टाकावा. उचललेले चाक आता हाताने फिरणार नाही. साहाय्यकाने क्लच पेडल अगदी सावकाश खाली न्यावे आणि आपण चाकाला सतत जोर देत राहावे. चाक ज्या क्षणी मोकळे फिरू लागेल, तेथे पेडल थांबवून त्याचे जमिनीपासूनचे अंतर मोजावे. असे तीन-चार वेळा करावे. स्विच या जागेच्याही थोडा खाली, पण पेडल पूर्ण टेकण्याच्या आधी जोडला गेला पाहिजे. जोडला जाण्याचा नेमका क्षण मल्टिमीटरच्या आवाजावरून कळतो. पेडल तळाशी टेकल्यावरही स्विचच्या दांडीची एक-दोन मि.मी. चाल शिल्लक राहिली पाहिजे. पेडल अडवण्याचे काम स्विचवर पडले तर घाईत मारलेल्या एकाच लाथेत तो फुटतो. ब्रॅकेट जाड पत्र्याचा करावा, कारण पातळ ब्रॅकेट वाकतो आणि इतक्या कष्टाने लावलेली जागा सरकते. पायाखालच्या जाड गालिच्याकडेही लक्ष असावे. नवा गालिचा घातल्यावर पेडल स्विचपर्यंत पोहोचेनासे झाले, असे प्रकार घडतात.

हे सारे झाले तरी एक मर्यादा उरतेच. स्विच पेडलवर नजर ठेवतो, क्लचवर नव्हे. हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली किंवा केबल ताणली गेली, तर पेडल तळाला जाऊनही क्लच सुटत नाही आणि स्विच मात्र परवानगी देतो. म्हणून केबलची चाल जुळवल्यावर किंवा सिलिंडर बदलल्यावर वरील चाकाची तपासणी पुन्हा करावी. त्याशिवाय महिन्यातून एकदा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक लावून, क्लच न दाबता किल्ली फिरवून पाहावी. स्टार्टर गप्प राहिला पाहिजे. ही तपासणी केल्यावाचून चिकटलेला स्विच आपल्याला कधीच कळणार नाही, कारण आपण नेहमी क्लच दाबूनच गाडी सुरू करणार आणि ती नेहमी सुरू होणार. रिलेचे संपर्क चिकटले तर किल्ली सोडल्यावरही स्टार्टर फिरत राहील. हे क्वचित घडते, पण बॅटरी तोडणारा हातस्विच हाताशी असला तर तेवढ्या क्षणात मोठे नुकसान टळते.

प्रश्न : क्लच दाबून गाडी सुरू केल्याने क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर (त्याला फार पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजतात, म्हणून जुन्या इंजिनावर असा स्विच बसवूच नये, असे मी ऐकले आहे. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : तथ्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. क्लच दाबल्यावर रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर जो जोर देते, तो फ्लायव्हीलमार्गे क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि हा जोर थ्रस्ट वॉशरांवर येतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनात तेलाचा दाब तयार होण्यापूर्वी हा भार पडतो, हे खरे आहे. ट्रायम्फच्या काही इंजिनांवर थ्रस्ट वॉशर झिजून खाली पडल्याची उदाहरणे जुन्या मोटारींच्या मालकांत सर्वश्रुत आहेत, आणि तशा इंजिनाचा मालक या बाबतीत हळवा असेल तर मला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

तरीही स्टार्टर फिरण्याचा काळ काही सेकंदांचा असतो. सिग्नलवर गिअर टाकून, क्लच दाबून मिनिटभर थांबण्याची सवय थ्रस्ट वॉशरांवर कितीतरी अधिक वेळ भार टाकते, आणि ती सवय सोडणे फुकटचे आहे. दुसरे असे की थंडीत गिअरबॉक्समधले तेल घट्ट होते आणि क्लच दाबल्याने ते तेल घुसळण्याचे काम स्टार्टरवर पडत नाही. शंका असेल तर स्विच बसवण्यापूर्वी इंजिन थांबलेले असताना क्रँकच्या पुलीवर डायल गेज लावून, साहाय्यकाला क्लच दाबायला सांगून, शाफ्ट किती पुढे सरकतो ते मोजावे. पुष्कळ पेट्रोल इंजिनांवर हे अंतर ०.१ ते ०.३ मि.मी.च्या दरम्यान असते. आपल्या इंजिनाची मर्यादा कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असेल, तीच प्रमाण मानावी. अंतर मर्यादेबाहेर असेल तर प्रश्न स्विचचा राहत नाही, वॉशर आधी बदलावे लागतात.

गिअरबॉक्सवर न्यूट्रलचा स्विच असेल तर तो क्लचच्या स्विचला समांतर जोडता येतो, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये असेल किंवा क्लच दाबलेला असेल, यांपैकी एक अट पुरली तरी स्टार्टर फिरतो. जुन्या गिअरबॉक्सवर दिसणारा एकुलता एक स्विच मात्र बहुधा रिव्हर्सच्या दिव्याचा असतो. तो न्यूट्रल ओळखत नाही. गिअरच्या दांड्यापाशी बाहेरून स्विच लावून न्यूट्रल ओळखण्याचा खटाटोपही करू नये, कारण झिजलेल्या जोडणीत दांडा न्यूट्रलमध्ये दिसतो आणि आत गिअर गुंतलेला असतो.

प्रश्न : माझी मोटार पॉझिटिव्ह अर्थची आहे. हीच जोडणी चालेल का?

उत्तर : चालेल. साध्या रिलेच्या वेटोळ्याला आणि क्लचच्या स्विचला प्रवाहाची दिशा कळत नाही. फक्त आत डायोड असलेला रिले घेऊ नये, कारण त्याची टोके ठरावीक दिशेनेच जोडावी लागतात आणि उलटी जोडताच डायोडमधून थेट शॉर्ट होतो. वेटोळ्याला समांतर रोधक असलेला रिले घ्यावा. तो दोन्ही दिशांना चालतो आणि प्रवाह तुटताना उठणारा व्होल्टेजचा झटकाही शमवतो. गाडी ६ व्होल्टची असेल तर रिले ६ व्होल्टचाच हवा. १२ व्होल्टचा रिले तेथे खात्रीने ओढला जाणार नाही, आणि सोलेनॉइडच्या वायरही अधिक जाड लागतील.

ज्या फार जुन्या गाड्यांत स्टार्टर पायाने दाबण्याच्या बटणाने किंवा ओढण्याच्या तारेने चालतो, तेथे स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा संपूर्ण प्रवाह त्या बटणातूनच जातो. तेथे आधी वेगळा सोलेनॉइड बसवल्याशिवाय क्लचचा स्विच लावण्याला अर्थ नाही.

प्रश्न : मी रिलेसह क्लचचा स्विच बसवला आहे. काही दिवस सर्व ठीक होते. आता कधी स्टार्टर फिरतच नाही, तर कधी तो जोमाने फिरतो, पण इंजिन किल्ली सोडल्यावरच पकडते. दोष कोठे शोधावा?

उत्तर : हे दोन निरनिराळे दोष आहेत. पहिल्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक लावून, साहाय्यकाला क्लच दाबून किल्ली फिरवायला सांगावे आणि रिलेवर बोट ठेवावे. रिले एकदा ‘टक’ करून शांत झाला आणि स्टार्टर फिरला नाही, तर वेटोळ्याची बाजू ठीक आहे. मग टेस्ट लॅम्पने ३० आणि ८७ ही टोके तपासावीत. ३० वर दिवा लागतो आणि ८७ वर लागत नाही, तर रिलेचे संपर्क गेले. दोन्हींवर लागतो, तर दोष सोलेनॉइडकडे आहे. रिले ‘टकटक’ करीत थरथरला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर मळ चढला आहे. भार पडताच व्होल्टेज कोसळते, रिले सुटतो, व्होल्टेज वर येते आणि तो पुन्हा ओढला जातो. रिलेचा आवाजच आला नाही तर ८६ पासून मागे चालत यावे, म्हणजे प्रथम ८६, नंतर क्लचच्या स्विचचे रिलेकडील टोक, त्यानंतर किल्लीकडील टोक आणि शेवटी फ्यूज. दिवा जेथे लागू लागेल, दोष त्याच्या लगेच पुढे आहे. सगळीकडे दिवा लागूनही रिले गप्प असेल तर ८५ चा अर्थ पाहावा. कधी होते आणि कधी नाही, असा आपला दोष असल्यामुळे स्विचच्या ब्रॅकेटकडे मी सर्वांत आधी संशयाने पाहीन. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक आणि सोलेनॉइडचे लहान टोक यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावूनही पाहावे. अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट ठीक मानावी, आणि ती एका व्होल्टच्या वर गेली तर वाटेत कोठेतरी खराब सांधा आहे.

दुसऱ्या दोषाचे मूळ बहुधा इग्निशन कॉइलच्या बॅलास्ट रोधकात आहे. अशा गाड्यांत एरवी कॉइलला रोधकातून कमी व्होल्टेज मिळते आणि स्टार्टर फिरत असताना मात्र रोधक टाळून बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज मिळते. त्यासाठी सोलेनॉइडवरच्या आणखी एका लहान टोकापासून कॉइलकडे वेगळी वायर जाते. रिले बसवताना ती वायर सुटलेली, चुकीच्या टोकावर गेलेली किंवा जुन्या वायरबरोबर तोडली गेलेली असावी. त्यामुळे स्टार्टर फिरत असताना ठिणगी क्षीण पडते, आणि किल्ली सुटून बॅटरी सावरली की इंजिन पकडते. ती वायर शोधून तिच्या मूळ टोकावर जोडावी.

क्लचचा स्विच कॉइलच्या पुरवठ्यात चुकूनही येऊ देऊ नये. तसे झाले तर क्लच सोडताच इंजिन विझेल आणि गाडी ढकलून सुरू करण्याचा मार्गही जाईल. स्विच फक्त स्टार्टरच्या मार्गात असेल तर ढकलून सुरू करण्यात काहीच अडथळा येत नाही.

प्रश्न : रेल्वे फाटकावर किंवा ओढ्यात इंजिन बंद पडले, तर पहिला गिअर टाकून स्टार्टरच्या जोरावर गाडी बाहेर काढता येते. क्लचचा स्विच बसवल्यावर ही सोय जाणार नाही का? तो टाळणारा एखादा स्विच सोबत बसवावा का?

उत्तर : सोय जाते, हे खरे आहे, आणि आपली शंका गंभीरपणे घेण्यासारखी आहे. टोयोटाने काही चारचाकी चालनाच्या गाड्यांत याच कारणासाठी क्लचची अट तात्पुरती रद्द करणारे बटण कारखान्यातूनच दिले होते. अर्थात इंजिनात पाणी शिरले असण्याची शक्यता असेल तर स्टार्टर फिरवूच नये, कारण सिलिंडरमधले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढ्याच्या बाबतीत म्हणूनच या युक्तीचा उपयोग वाटतो त्याहून कमी आहे.

फाटकासाठी असे बटण हवेच असेल तर ते क्लचच्या स्विचला समांतर जोडावे, आणि ते दाबून धरले तेवढाच वेळ जोडलेले राहणारे, स्प्रिंगने परत येणारे असावे. एकदा टाकला की तसाच राहणारा खटका बसवू नये, कारण एखाद्या दिवशी क्लचचा स्विच रुसला की तो खटका टाकला जाईल आणि मग कायमचा तसाच राहील. बटण किल्लीपासून इतके दूर असावे की एका हाताने दोन्ही हाताळता येणार नाहीत, आणि मुलाचा हात खिडकीतून तेथे पोहोचणार नाही.

आपल्या गाडीत कदाचित असे एक बटण आधीच असेल. ल्युकासच्या काही जुन्या सोलेनॉइडांवर रबरी टोपीखाली हाताने दाबण्याचे बटण असते आणि ते थेट मुख्य संपर्क जोडते. किल्ली, रिले, क्लचचा स्विच यांतील काहीही त्याच्या आड येत नाही. बॉनेट उघडून ते दाबण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री दर वेळी स्वतः दांडा हलवून करावी, आणि ते वापरात नसेल तर सोलेनॉइडवर घट्ट बसणारे झाकण लावून घ्यावे.